वणी सोडायची तर कुठे जायचं?

गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "सर, ब्लॉग बंद केला का?" बंद नाही केला. घरात एक तक्ता चालू होता, त्यात अडकलो होतो.

कॅलेंडरच्या जुन्या पानामागे केलेला साधा तक्ता. वर शहरांची नावं : यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर, पुणे. डावीकडे हवा, दवाखाना, पाणी, घरभाडं, जाणं-येणं, आपली माणसं. प्रत्येक चौकटीत दहापैकी गुण. तीस-बत्तीस वर्षं पोरांचे इतिहासाचे पेपर तपासले, त्यामुळे गुण द्यायला हात लगेच वळतो.

कारण घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. हिला दमा आहे. गेल्या हिवाळ्यात दोनदा मध्यरात्री गाडी काढून दवाखाना गाठावा लागला. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "औषधं चालूच ठेवा, पण हवा बदलता आली तर बघा."

वणी म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक हमखास विचारतात, "सप्तशृंगीची वणी का?" नाही हो. ती नाशिकची. आमची यवतमाळ जिल्ह्यातली, निर्गुडा नदीवरची. कापसाची, रंगनाथ स्वामींच्या यात्रेची, आणि आता मुख्यतः कोळशाची. गच्चीवर पांढरा सदरा वाळत घातला आणि काढायला उशीर झाला की तो पुन्हा धुवावा लागतो, एवढं सांगितलं म्हणजे हवेच्या चौकटीत किती गुण पडले असतील ते कळेल.

तर तक्ता करायला बसलो, आणि इतिहासाच्या मास्तराचं जे होतं ते झालं. प्रत्येक शहराच्या नावापाशी पेन थांबायला लागलं. आपण शहर निवडतो ते तिथे आज काय आहे ते बघून. पण ते उद्या तिथेच असेल का? आमच्या भागाचा दीडदोनशे वर्षांचा इतिहास या प्रश्नाचं उत्तर फार आश्वासक देत नाही.

यवतमाळपासून सुरुवात करतो. जिल्ह्याचं ठिकाण. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे, कचेऱ्या आहेत, ओळखी आहेत. पण गंमत बघा. हा जिल्हा एके काळी आमच्या नावाचा होता! १८६४ मध्ये इंग्रजांनी वऱ्हाडाचा हा आग्नेयेकडचा तुकडा वेगळा काढून जिल्हा केला आणि पुढे त्याला वणीचं नाव दिलं. इंग्रजी कागदांत त्याचा उच्चार 'वून' असा झाला. पण कारभार चालायचा यवतमाळहून. नाव आमचं, कचेरी त्यांची. पुढे १९०५ मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, वाशीम जिल्हा मोडून त्यातला पुसद तालुका इकडे जोडला, आणि त्याच वेळी जिल्ह्याचं नावही यवतमाळ झालं. तेव्हापासून वणी म्हणजे फक्त तालुका. (मोडलेला वाशीम जिल्हा १९९८ मध्ये पुन्हा झाला. म्हणजे गेलेलं परत येतही असतं, पण त्याला त्र्याण्णव वर्षं लागली.)

यवतमाळची रेल्वेही बघा. मूर्तिजापूरपर्यंत जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' इंग्रजी कंपनीने बांधली ती कापूस बाहेर काढायला. ती रखडत रखडत शेवटी थांबली. आता वर्ध्याहून मोठा लोहमार्ग येतोय, २०२४ मध्ये कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. म्हणजे यवतमाळच्या 'जाणं-येणं' या चौकटीत मी शंभर वर्षांपूर्वी जास्त गुण दिले असते, दहा वर्षांपूर्वी शून्य, आणि आणखी काही वर्षांनी कदाचित पुन्हा जास्त. मग आज किती द्यायचे?

दुसरं चंद्रपूर. अंतराने सगळ्यांत जवळचं. यवतमाळला जायचं तर शंभरावर किलोमीटर, चंद्रपूर त्याच्या साधारण निम्मं. आमचे लोक मोठ्या खरेदीला, दवाखान्याला तिकडेच जातात. मग आम्ही यवतमाळ जिल्ह्यात का? वर्गात पोरं हा प्रश्न दरवर्षी विचारायची. याचं उत्तर १८०३ च्या देवगावच्या तहात आहे. नागपूरकर भोसल्यांचा इंग्रजांनी आडगावला पराभव केला, गाविलगड घेतला, आणि तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांना सोडावा लागला. तो निजामाकडे गेला. नदीच्या अलीकडे आम्ही, निजामाच्या वऱ्हाडात. पलीकडे वरोरा, चंद्रपूर, भोसल्यांच्या राज्यात. पुढे निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं आणि वर्षभरात नागपूरचं राज्यही खालसा झालं. दोन्ही काठांवर इंग्रज आले तरी वेगळे प्रांत म्हणूनच राहिले, ते १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडेपर्यंत. राज्यकर्ते बदलले, पण नदीची रेघ जिल्ह्याची हद्द म्हणून आजही आहे. लोकसभेला मात्र २००८ च्या फेररचनेपासून वणी चंद्रपूर मतदारसंघात! आमदार जिल्ह्याच्या यादीत यवतमाळचा, खासदार चंद्रपूरचा.

असो. चंद्रपूरचा प्रश्न हवेपाशीच संपतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली होती, त्यात चंद्रपूर चौथं आलं होतं. त्यानंतर उपाय झाले असतील, पण दम्याच्या माणसाला घेऊन कोळशाच्या एका गावातून कोळशाच्या मोठ्या गावात जायचं, हे कुठल्या डॉक्टरला सांगणार?

कोळशाचं निघालंच आहे तर वरोऱ्याबद्दलही सांगतो. नदीपलीकडे वरोऱ्याला १८७० च्या दशकात सरकारी खाण चालू झाली. रेल्वे तिथवर आली ती त्या खाणीसाठी. गाव भरभराटलं. आणि १९०६ मध्ये खाण बंद झाली. रेल्वेच्या आणि खाणीच्या भरवशावर जी बिऱ्हाडं वरोऱ्याला आली असतील, त्यांनीही कधीतरी मनात असाच तक्ता केला असेल ना? त्यात खाणीला दहापैकी दहाच दिले असतील.

आता नागपूर. इथे मात्र गोष्ट घरात शिरते.

माझे आजोबा वणीच्या कोर्टाबाहेर बसून अर्ज लिहून द्यायचे. अर्जनवीस. अक्षर मोत्यासारखं, इंग्रजीही चांगलं. १९५४ साली त्यांच्या मनाने घेतलं की आता नागपूरला जायचं. त्यांचा हिशेब चोख होता. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी. सचिवालय तिथे, विधानसभा तिथे, १९२३ पासून विद्यापीठ तिथे, १९३६ पासून हायकोर्ट तिथे, १९४७ पासून मेडिकल कॉलेज तिथे. जिथे हायकोर्ट आणि सचिवालय, तिथे अर्ज लिहिणाऱ्याला काय कमी? त्यांनी आजीचे दोन दागिने मोडून नागपूरला एक प्लॉट घेतला. आजी काही बोलली नाही म्हणे. तेव्हा विचारायची पद्धत नव्हती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली होती. म्हणजे आजोबांचा हिशेब बरोबर ठरणार होता. पण १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला, हायकोर्टाची मुख्य गादी जबलपूरला, सचिवालयाचं काम मुंबईला. नागपूरला हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं. एका तारखेला एक शहर राजधानीचं जिल्ह्याचं ठिकाण झालं. शहर जागच्या जागी होतं, रस्ते तेच, संत्री तीच, पण आजोबांच्या तक्त्यातल्या दोन-तीन ओळी उठून दुसऱ्या गावाला गेल्या होत्या. ते स्वतः निघायच्या आधीच!

आजोबांनी प्लॉट विकला आणि वणीतच राहिले. आजीचे दागिने परत झाले नाहीत. बाबा सांगायचे, त्यानंतर आजोबा कुणाच्याही बाबतीत "अमुक गावाला जा" असं म्हणत नसत. "जाऊन पाहा" म्हणत. तेव्हा मला या दोन वाक्यांतला फरक कळला नव्हता.

बरं, सरकारी कचेऱ्याच तेवढ्या जातात असंही नाही. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला नागपुरात उघडली. आमच्याकडचा कापूस, आमच्याकडची माणसं. आमच्या आळीतली दोन घरं मिलच्या भरवशावर नागपूरला गेली होती. नागपूरला जाणं म्हणजे मिलमध्ये लागणं, असा काळ होता. ती मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. सव्वाशे वर्षं म्हणजे काही कमी नाही, पण शेवटच्या पिढीला सव्वाशे वर्षांचा काय उपयोग?

आज नागपूरची बाजू पुन्हा जड आहे, हे मान्य करायला हवं. २०१८ पासून एम्स आहे. २०१९ पासून मेट्रो आहे. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण होऊन मुंबईच्या दाराशी पोचला. दवाखान्याच्या ओळीत नागपूरला मी दहापैकी नऊ दिले. हवेत मात्र सहाच. कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं शहराला लागूनच आहेत. नागपूरचे मामेभाऊ हे वाचून रागावतील. रागवा बाप्पा, पण आधी तुमच्या गच्चीवर सदरा वाळत घालून बघा!

राहिलं पुणे. मुलगा-सून तिथे, नात तिथे. "बाबा, इकडे या, प्रश्नच मिटेल," असं मुलगा दर रविवारी म्हणतो. पुणं एके काळी पेन्शनरांचं शहर म्हणून ओळखलं जायचं. ते पुणं आता पुण्यातही सापडत नाही. हिंजवडीकडे नोकऱ्या गेल्या, त्यांच्यामागे घरं गेली, मुलाचं घरही तिकडेच. सकाळी आठला घराबाहेर पडलेली दोघं रात्री आठला परत येतात. गेल्या वर्षी तिथे महिनाभर राहिलो. सगळं होतं. लिफ्ट, बाग, सोसायटीत औषधाचं दुकानसुद्धा. पण एके दिवशी दुपारी हिला धाप लागली तेव्हा मुलाला पोचायला दीड तास लागला. त्याची काही चूक नव्हती. रस्ताच तसा. आम्ही रिक्षा करून गेलो, आणि तो आला तेव्हा परत निघालो होतो. तो खूप ओशाळला. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

इथपर्यंत तक्ता भरून झाला. बेरीज केली. नागपूर पहिलं, पुणे दुसरं. तक्ता हिच्यासमोर ठेवला. मनात होतं, शाबासकी मिळेल.

हिने चष्मा लावून पूर्ण वाचला. मग म्हणाली, "अमरावती कुठे आहे यात?"

अमरावती मी घेतलीच नव्हती! का घेतली नव्हती याचं उत्तर मला देता आलं नाही. अमरावती म्हणजे हिचं माहेर. भाऊ-वहिनी, धाकटी बहीण, सगळे एका हाकेच्या अंतरावर. माझ्या डोक्यात 'आपली माणसं' या ओळीचा अर्थ माझी माणसं असा होता, हे मला त्या क्षणी कळलं. पासष्टीच्या जवळ आलेल्या माणसाने हे लिहायला जरा लाज वाटते, पण लिहितो.

ती पुढे म्हणाली, "मी १९८६ ला इथं आले, तेव्हा कुणी तक्ता केला होता? हवा कशी, पाणी कसं, दवाखाना किती लांब? बाबांनी एवढंच पाहिलं, मुलगा मास्तर आहे, घर स्वतःचं आहे. मी तर वणी पाहिलीसुद्धा नव्हती."

मी गप्प. खरंच, शहरं बदलण्याचा इतिहास आपण लिहितो तो राजधान्यांचा, कचेऱ्यांचा, मिलचा. प्रत्येक घरातली एक बाई गाव सोडून आलेली असते, तिची नोंद कुठल्या गॅझेटियरमध्ये असते? खाणीच्या हद्दीत गाव आलं की आमच्या तालुक्यातले लोक नव्या गावठाणात जातात. त्यांनाही जागा निवडायची म्हणजे आधीच आखलेल्या नकाशावर बोट ठेवायचं. विदर्भालाही १९५६ मध्ये कुणी समोर बसवून रकाने भरायला दिले नव्हते. तक्ता करायला मिळणं हीच मुळात चैन आहे, आणि ती मी एकट्याने करून घेतली होती.

मग दोघांनी मिळून पाचवा रकाना काढला. अमरावती. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडाच्या कारभाराचं मुख्य ठिकाण. तिथूनही पुढे बरंच काही नागपूरला गेलं, पण शाळा-कॉलेजं राहिली. आमच्या वणीत १८८० मध्ये जन्मलेले लोकनायक बापूजी अणे नागपूरला शिकले, अमरावतीच्या शाळेत मास्तर झाले, मग यवतमाळला वकिली, पुढे दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, तिथून १९४३ मध्ये गांधीजींच्या उपासाच्या वेळी राजीनामा, मग सिलोन, मग बिहारचं राज्यपालपद. एवढं फिरून उतारवयात नागपूरहून लोकसभेवर आले आणि वेगळ्या विदर्भासाठी बोलत राहिले. आणि उलट्या दिशेचं उदाहरण म्हणजे प्राचार्य राम शेवाळकर. मूळचे अचलपूरचे, म्हणजे अमरावती जिल्ह्यातले, आणि आमच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून अनेक वर्षं वणीत राहिले. त्यांची व्याख्यानं ऐकायला लोक ताटकळायचे. मोठा माणूस मोठ्या शहरातच राहतो असं नाही, हे वणीने त्यांच्यामुळे पाहिलं. पण तेही पुढे नागपूरला गेले. १९९४ च्या पणजीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही वणीकर "आमचे सर" म्हणूनच मिरवत होतो.

हवेचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकवस्तीच्या शहरांत अमरावती पहिली आली. अशा क्रमवारीत हवेपेक्षा महापालिकेच्या प्रयत्नांना जास्त गुण असतात हे मला माहीत आहे, त्यामुळे मी आठच दिले. हिने नऊ केले. दवाखान्यांत नागपूर पुढेच. पण मोठं काही निघालं तर अमरावतीहून नागपूर चांगल्या रस्त्याने दोन-तीन तासांवर. वणीहूनही तेवढंच लागतं.

शेवटी एक नवी ओळ हिने स्वतःच्या अक्षरात वाढवली. 'रात्री अडीच वाजता कोण येईल?' या ओळीत पुण्याला मुलगा, पण दीड तासाने. नागपूरला मामेभाऊ, येतीलच, पण तेही सत्तरीचे. यवतमाळला कुणी नाही. अमरावतीला भाचा, चालत पाच मिनिटं. वणीला शेजारचे दोघे, गेल्या हिवाळ्यात दोन्ही वेळा तेच आले होते. वणी तक्त्यात नव्हती. तीही घेतली. या एका ओळीत वणीला सगळ्यांत जास्त गुण पडले.

म्हणजे झालं काय, की जिच्यामुळे गाव सोडायचं त्या ओळीत वणी शेवटची, आणि जिच्यामुळे सोडवत नाही त्या ओळीत पहिली. बेरीज करून हे सुटणारं नाही. एवढं मात्र कळलं, की कचेरी, कोर्ट, मिल, खाण, रेल्वे हे सगळं हललं. आजोबांच्या डोळ्यांदेखत हललं. मेट्रो आणि एम्सही कायमचं तसंच राहील अशी खात्री मी देणार नाही. त्या मानाने माणसाच्या दारापासून माणसाच्या दारापर्यंतचं अंतर फार सावकाश बदलतं. भाचासुद्धा उद्या पुण्याला जाईल, हेही खरं. पण तोवर तो पाच मिनिटांवर आहे.

तर निर्णय असा. घर विकायचं नाही. प्लॉट तर मुळीच घ्यायचा नाही, आजोबांची शपथ. दिवाळी झाली की अमरावतीला दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या आणि होळीला परत यायचं. दम्याचा त्रास जास्त असतो तो याच दिवसांत. दोन हिवाळे असं करून पाहायचं. मग ठरवायचं.

नागपूर करारात १९५३ साली विदर्भाला शब्द दिला होता की सरकार काही काळ नागपूरला येऊन बसेल. त्यामुळे १९६० पासून अधिवेशनासाठी अख्खं सरकार फायली बांधून नागपूरला येतं आणि गुंडाळून परत जातं. मी हिला म्हटलं, "आपलंही तसंच. आपलं हिवाळी अधिवेशन."

ती म्हणाली, "ते दोन आठवड्यांत गुंडाळतात. आपलं होळीपर्यंत चालवायचं आहे. आणि इथल्या तुळशीला पाणी कोण घालणार, ते आधी ठरवा."

शेजाऱ्यांना विचारलं आहे. ते हो म्हणाले.

अमरावतीकरांनो, दोन खोल्या, तळमजला, रस्त्यापासून जरा आत, अशी जागा ठाऊक असेल तर कळवा. आणि पुण्याच्या चिरंजीवांनी हे वाचून लगेच फोन करू नये. रविवारी बोलूच.